आपल्या घरचा केर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'घरचा केर' असे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिन आहे. आणि तुमच्यानंतर लगेच फराळ आहे!" त्यांची अडचण मला समजत होती. तरीही मी हट्ट सोडला नाही. कारण गेल्या वर्षभरात आपल्या मंडळात सर्वांत जास्त वादावादी झाली ती याच विषयावर. आणि त्या वादात चुकीच्या बाजूला उभे राहून सर्वांत मोठ्याने बोलणारी बाई मीच होते.

ती आषाढातली सभा तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. आपल्या गल्लीतल्या घरांनी ओला आणि सुका केर वेगळा ठेवावा, बादल्या रात्रीच्या बाहेर ठेवू नयेत, गाडी येईल त्या वेळीच द्याव्यात, असा ठराव आपल्या दोन तरुण सभासद मुलींनी मांडला होता. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "दर महिन्याला आपण पैसे मोजतो. केर निवडत बसायचे आपणच, तर मग पैसे कशाचे द्यायचे? तांदूळ निवडावेत, गहू निवडावेत. आता केरही निवडायचा का?" सगळ्याजणी हसल्या. टाळ्याही पडल्या. ठराव तेथेच बारगळला. मीही घरी जाताना मनात जरा खूश होते, हे कबूल करते.

त्यानंतर भाद्रपद आला. आमच्याकडे गौरी असतात. तीन दिवस घरात माणसांचा राबता, ओटीवर पाट, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. अशा घाईत माझ्या हातून उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी फुटली. मी काचा सुपलीत भरल्या आणि समोर जी बादली होती तिच्यात ओतल्या. तिच्यात केळीची पाने होती, उष्टे होते, निर्माल्य होते, आणि भाजीच्या दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. वरून पुन्हा पाने पडली. बरणी मी विसरून गेले.

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी केराची गाडी आली, पण गाडीवर नेहमीच्या ताई नव्हत्या. त्यांची मुलगी होती. दहावीतली पोर. दप्तर गाडीच्या दांड्याला अडकवलेले. मी सहज विचारले, "आई कुठे गं?" ती म्हणाली, "आईच्या हाताला लागलंय आजी. चार टाके पडलेत. ओल्यातल्या पिशव्या काढताना बरणीची काच घुसली. तुकड्यावर कागद होता चिकटवलेला, 'लिंबू, उपासाचे' असा."

भगिनींनो, तो कागद मी लिहिला होता. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. त्या पोरीला ते ठाऊक नव्हते. तिने माझी बादली उचलली, ओतली, परत ठेवली आणि गाडी ढकलीत पुढे गेली. आठ दिवस ती पोर शाळेच्या आधी आपल्या गल्लीचा केर उचलत होती. मी आठही दिवस तिला बघत होते आणि एकही दिवस तोंड उघडून खरे सांगितले नाही. आज येथे प्रथमच चारचौघींत सांगते आहे.

ताई कामावर परत आल्या तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी दारात गेले आणि म्हणाले, "अहो ताई, ती बरणी आमच्याकडची होती." त्या मला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "असेल काकू. सणाचं घर होतं." मी म्हणाले, "यापुढे काच कागदात गुंडाळीन आणि वर 'काच' असे मोठ्या अक्षरात लिहीन." तर त्या हसल्या. म्हणाल्या, "लिहून काय करू? मला वाचता येत नाही. हातात द्या आणि तोंडानं सांगा."

हातात द्या आणि तोंडाने सांगा. पुढे मी केराविषयीचे पुष्कळ नियम वाचले, समजून घेतले. पण या विषयात मला खरोखर काही कळले असेल तर ते या पाच शब्दांत. आपण केर 'टाकतो' असे म्हणतो. तो टाकला जात नाही. तो कोणाच्या तरी हातात दिला जातो. मधे बादली असते म्हणून तो हात आपल्याला दिसत नाही, इतकेच.

आता वयस्कर मंडळी म्हणतील की पूर्वी एवढे नियम कोठे होते? खरे आहे. पण पूर्वी एवढा केरही नव्हता. माझ्या आजीच्या घरी वाण्याकडून सामान यायचे ते कागदाच्या पुड्यांतून, आणि पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवलेला असायचा. चुलीची राख भांडी घासायला, भाजीची देठे गाईला, जुने कपडे बोहारणीला, रद्दी रद्दीवाल्याला. उरलेले परसातल्या उकिरड्यावर, आणि उकिरड्याचे पुढे खत. म्हणजे निवडण्याचे काम आजीही करीतच होती. ते तिच्या हातवळणी पडले होते म्हणून तिला त्याचा नियम वाटत नव्हता. आपल्याकडून परस गेले, चूल गेली, गाय गेली. आणि प्लास्टिक आले. निवडणे तेवढे सुटले.

मग हा सगळा एकत्र केर जात होता कोठे? आपल्या पुणे शहराचा केर वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात जाऊन पडत होता. तेथील माणसांनी आपला एक कपटाही मागितला नव्हता. ओले आणि सुके एकत्र दाबले गेले की आतल्या ओल्याला वारा मिळत नाही. ते कुजते, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, आणि वर प्लास्टिक-कागद असल्यामुळे आग लागली की दिवसचे दिवस धुमसत राहते. खालून काळे पाणी झिरपते ते विहिरींना लागते. २०१७ च्या एप्रिल महिन्यात तेथे अशीच आग लागली आणि गावकऱ्यांनी शहराच्या गाड्या अडविल्या. सुमारे तीन आठवडे हा प्रकार चालला. त्या दिवसांत शहरातल्या पेट्या भरून वाहत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि आपण नाकाला पदर लावून महानगरपालिकेला बोल लावीत होतो. तीन आठवड्यांत आपण एवढ्या जेरीस आलो. त्या गावांनी तर तो वास वर्षानुवर्षे सोसला होता.

हे सारे थांबवायचे तर सुरुवात घरातून व्हावी लागते, ही गोष्ट कायद्यात आणण्यामागेही एका स्त्रीचा हात आहे, हे ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल. बंगळूरच्या अलमित्रा पटेल या अभियंता बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या केराबद्दल अर्ज केला. त्यातूनच २००० साली देशभरासाठी पहिले नियम आले. २०१६ साली ते नियम नव्याने झाले. त्यांत प्रत्येक घराने केराचे तीन भाग करावेत असे सांगितले होते: ओला, सुका आणि घरातला घातक. २०२६ च्या नियमांनी चार भाग सांगितले: ओला, सुका, पॅड-डायपरसारखा, आणि विशेष काळजीने हाताळायचा. तीन आणि चार ऐकून घाबरू नका. आपल्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात आणि अंधारातसुद्धा आपला हात बरोबर मोहरीवर पडतो.

आता आपल्या दारात येणाऱ्या गाडीविषयी. पूर्वी शहरात चौकाचौकांत कचराकुंड्या असत आणि गरीब स्त्रिया त्यांत वाकून कागद, काच, पत्रा वेचीत. कुत्री, डुकरे आणि त्या, अशी एकाच कुंडीवर धडपड चाले. वर लोक चोर म्हणून हाकलीत. १९९३ साली या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' पुण्यात उभी राहिली. त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा केर गोळा करण्याचे काम हाती घेतले. कुंडीवरून त्या आपल्या दारापर्यंत आल्या. त्यांत बहुतेक स्त्रियाच आहेत. २०२० साली टाळेबंदीत आपण दारे लावून आत बसलो होतो, तेव्हाही गाडी चुकली नाही, हे विसरून चालणार नाही.

मी त्या सभेत विचारले होते, पैसे कशाचे? त्याचे उत्तर मला नंतर ताईंनीच गाडीपाशी उभे राहून समजावून दिले. आपण महिन्याला देतो तो दारापर्यंत येण्याचा मोबदला. त्यांच्या संसाराचा दुसरा आधार म्हणजे सुका माल. कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे विकून जे येते ते त्यांचे. मी जेव्हा रद्दीवर आमटी सांडून ती बादलीत टाकते, तेव्हा ती रद्दी कोणी घेत नाही. म्हणजे माझ्या आळसापायी त्यांचे पैसे बुडतात. आणि ओल्यात पिशव्या घातल्या तर त्या हाताने वेचून काढाव्या लागतात. कारण प्लास्टिक मिसळलेल्या ओल्याचे चांगले खत होत नाही. ताईंचा हात त्या दिवशी बादलीत गेला तो माझी पिशवी काढायला. काच नंतरची; चूक पिशवीपासूनच सुरू झाली होती.

पुढच्याच महिन्याच्या सभेत मी स्वतः तोच बारगळलेला ठराव पुन्हा मांडला. का मांडते ते मात्र तेव्हा सांगितले नाही. तुम्ही आश्चर्य केलेत, थोडी चेष्टाही केलीत, आणि तिसऱ्या सभेत ठराव संमत केलात. आज शेजारची मंडळीही आली आहेत म्हणून त्यातले नियम आणि त्यांची कारणे थोडक्यात सांगते.

पहिला नियम असा की ओल्याच्या बादलीत पिशवी घालायची नाही. तळाला वर्तमानपत्राचा एक कागद घातला की बादली चिकटत नाही आणि कागदाचे खतही होते. उष्ट्यातले पाणी गाळून मगच बादलीत टाकावे. निम्मा वास तेथेच थांबतो.

दुसरा नियम सुक्याचा. दुधाच्या पिशव्या, तेलाच्या पुड्या, डबे हे एकदा विसळून, निथळून मगच टाकावेत. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नये. तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो.

तिसरा नियम आपल्या मैत्रिणींना सभेत मोठ्याने बोलायला संकोच वाटला होता, म्हणून मी आज मुद्दाम मोठ्याने बोलते. मासिक पाळीचे पॅड आणि लहान मुलांचे व आजारी माणसांचे डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावेत, वर लाल ठिपका काढावा आणि वेगळे द्यावेत. ही लाल ठिपक्याची खूण पुण्यातल्या या कष्टकरी बहिणींनीच मागितली आहे. वाचता न येणाऱ्या बाईलाही ठिपका दिसतो. २०१३ साली तर त्यांनी वापरलेले पॅड थैल्यांत भरून उत्पादक कंपन्यांना परत धाडले होते आणि विचारले होते की हे उघड्या हातांनी आम्ही का उचलायचे? ज्या गोष्टीची आपल्याला घरातसुद्धा लाज वाटते, ती दुसऱ्या स्त्रीच्या हातात तशीच उघडी द्यायला मात्र आपल्याला लाज वाटत नव्हती. याचा विचार आपण प्रत्येकीने करावा.

चौथा नियम काच, दाढीची पाती, औषधांच्या सुया, जुने दिवे, बॅटरीचे सेल यांचा. हे कोणत्याच नेहमीच्या बादलीत नाही. जाड कागदात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून हातात द्यायचे आणि तोंडाने सांगायचे. हा नियम कोणी शिकवला ते आता तुम्हांला कळले.

पाचवा नियम वेळेचा. रात्री बादली बाहेर ठेवायची नाही. रात्री ठेवली की कुत्री पाडतात, घुशी येतात, पावसाळ्यात बादलीत पाणी साठते आणि सकाळी ते ताईंच्या अंगावर येते. सकाळी गाडीची हाक आली की बादली घेऊन खाली यावे. कामावर जाणाऱ्या भगिनींनी शेजारणीकडे बादली ठेवावी. साखर मागायला शेजारधर्म आणि केराच्या वेळी मात्र नाही, असे का?

या पाचव्या नियमावरच सर्वांत जास्त खटके उडाले. एक मावशी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात, मी तीन जिने उतरू कशी?" त्यांचे खरे होते. आता खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा त्यांच्या बादल्या आणतो, आणि मावशी त्याला अधूनमधून थालीपीठ देतात. एक गृहस्थ म्हणाले, "हे बायकांचे काम, आम्हांला सांगू नका." त्यांना आम्ही एवढेच म्हणालो की केर तर तुम्हीही करता. ते अजून तयार झालेले नाहीत. गल्लीतली सगळी घरे सुधारली असे खोटे मी सांगणार नाही. काही घरांच्या ओल्यात अजून पिशव्या निघतात. पण आम्ही चुगली करायची नाही, दंडाची भीती घालायची नाही, असे ठरवले आहे. ज्या घरी चूक होते त्या घरी मी स्वतः जाते आणि माझ्या बरणीची गोष्ट सांगते. आजवर ही गोष्ट मी एकेका घरात, हळू आवाजात सांगत होते. आज ती सर्वांची झाली.

काही घरांनी यापुढे पाऊल टाकले आहे. गच्चीवर भोके पाडलेल्या माठांत ओल्याचे खत होते. त्याची रीत अवघड नाही. एक थर ओल्याचा, एक थर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या किशीचा. आठवड्यातून एकदोनदा काठीने वरखाली करायचे. वास आला तर समजावे की ओल जास्त झाली; मूठभर सुका पाला घालावा. दीड-दोन महिन्यांत काळे, मातीसारखे खत मिळते. घरच्या केरातला साधारण निम्मा भाग ओलाच असतो, म्हणजे निम्मी बादली घरीच जिरली. निर्माल्यही त्यातच घालावे. देवाला वाहिलेले फूल नदीत प्लास्टिकच्या पिशवीसकट फेकण्यापेक्षा तुळशीच्या मुळाशी गेलेले देवाला अधिक आवडेल, असे मला वाटते.

आपल्या महाराष्ट्राला या बाबतीत कोणी बाहेरून शिकवायला नको. गाडगेबाबा १९५६ साली गेले. जन्मभर हा मनुष्य ज्या गावात जाई तेथे आधी खराटा हातात घेऊन रस्ता झाडी आणि मग रात्री कीर्तनाला उभा राही. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. हार वाळला की तो ओल्याच्या बादलीत टाकायचा, एवढे तरी त्यांच्या नावाने करू.

आता चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत, तेव्हा आवरते. २०१६ च्या नियमांत एक गोष्ट मला मोठी गमतीची वाटली होती. शंभरापेक्षा जास्त माणसांचा समारंभ असेल तर तीन दिवस आधी कळवावे आणि तेथला केर जागच्या जागी वेगळा करावा, असे त्यांत होते. आज आपण शंभर नाही. पण नियम शंभरांनाच कशाला हवा? मागे भिंतीपाशी दोन बादल्या ठेवल्या आहेत. एकीवर हिरवी चिंधी बांधली आहे, एकीवर निळी. पत्रावळी आणि उष्टे हिरवीत, कागदी पेले निळीत. प्रसादाच्या पिशव्या यंदा कापडाच्या आहेत, त्या घरी न्या.

आणि आणखी एक. पहिल्या रांगेत, डाव्या हाताला, आपल्या गाडीवरच्या ताई आज प्रथमच मंडळाच्या पाहुण्या म्हणून बसल्या आहेत. त्यांची मुलगीही आली आहे. ती दहावी पास झाली. हे भाषण मी त्यांना आधी वाचून दाखविले आणि सांगू का म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "सांगा, पण माझं नाव नको. नाहीतर उद्यापासून लोक बादली देताना माझ्या हाताकडं बघत राहतील." मी नाव घेतले नाही. पण भगिनींनो, उद्या सकाळी गाडीची हाक आली की त्या हाताकडे बघा. बघूनच बादली द्या.